मनोविकारतज्ज्ञ व्हायचंय, पण शिकायचं कुठं?

मागच्या अंकात एका वडिलांनी विचारलं होतं, की आमच्या तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नाही, मुलाला दाखवायचं कुठं? उत्तरात मी लिहिलं होतं, की आपल्या देशात लाख माणसांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा पुरता वाट्याला येत नाही. त्यानंतर आलेल्या पत्रांतली बरीचशी तरुण डॉक्टरांची आणि त्यांच्या घरच्यांची आहेत. हा डॉक्टर तयार कसा होतो, किती वर्षं लागतात, कुठं शिकलेलं बरं, असं विचारलंय. मी एमडी महाराष्ट्रात केलं, २००९ ते २०१६ इंग्लंडमध्ये पुन्हा शिकले, तिथं काम केलं, आणि आता मिरजेत प्रॅक्टिस करते. त्या जोरावर ही उत्तरं देतेय. व्हिसाचे आणि भरतीचे नियम सारखे बदलतात, तेवढे अर्ज भरण्याआधी संबंधित संस्थेकडून तपासून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात सायकियाट्रीला जेआर-टू, म्हणजे एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओपीडीत रोज ऐंशी-नव्वद पेशंट होतात, एकाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. औषधं लिहायला शिकलो, पण पेशंटशी बोलायचं कसं हे कुणी शिकवलं नाही. बॅचमेट म्हणतात, एमडी झाली की यूकेला निघ. तिथलं ट्रेनिंग खरंच इतकं वेगळं असतं का? आणि एमडी असूनही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का?

उत्तर : माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून तुला ‘तू’च म्हणते. आधी दुसरा प्रश्न, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. हो, बहुतेकांना पहिल्यापासून करावं लागतं. मी एमडी होते, तरी सीटी-वन, म्हणजे कोअर ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाची डॉक्टर म्हणूनच लागले. ब्रिटनमध्ये वैद्यकीय पदवीनंतर दोन वर्षं फाउंडेशनची, मग तीन वर्षं कोअर ट्रेनिंग आणि मग तीन वर्षं हायर ट्रेनिंग. कोअरमध्ये दर सहा महिन्यांनी जागा बदलते. याच काळात रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सची एमआरसीसायक परीक्षा द्यायची. माझ्या वेळी तीन लेखी पेपर होते, आता ए आणि बी असे दोन आहेत. शेवटी कास्क ही प्रात्यक्षिक परीक्षा. त्यात १६ स्टेशनं असतात. प्रत्येक ठिकाणी पेशंटची किंवा नातेवाइकाची भूमिका करणारा नट बसलेला असतो आणि परीक्षक तू कसा बोलतोस ते बघतो. हायर ट्रेनिंगला प्रौढ, वृद्ध, मुलं, न्यायवैद्यक, बौद्धिक अक्षमता किंवा सायकोथेरपी अशी एक शाखा धरायची. म्हणजे पदवीनंतर कमीत कमी आठ वर्षांनी माणूस कन्सल्टंट, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारा वरिष्ठ तज्ज्ञ होतो. आपल्याकडे इंटर्नशिपनंतर तीन वर्षांत एमडी हातात येते.

पण मला या वर्षांच्या हिशेबापेक्षा एका तासाबद्दल सांगायचंय.

तिथं प्रत्येक ट्रेनीला आठवड्यातून एक तास आपल्या कन्सल्टंटबरोबर बसायचा असतो. तो तास नियमानं ठरलेला असतो. माझे कन्सल्टंट दार लावून घ्यायचे, फोन ड्रॉवरमध्ये टाकायचे. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं केसपेपरांचा गठ्ठा घेऊन गेले. एमडीला असताना सरांपुढं उभं राहून घडाघडा केस म्हणून दाखवायची, चुकली तर सगळ्यांसमोर बोलणी खायची, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, ‘या आठवड्यात कुठला पेशंट तुझ्याबरोबर घरी आला?’ मला प्रश्नच कळला नाही. 

पुढच्या आठवड्यात ते माझ्या क्लिनिकमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसले. यॉर्कशरमधलं जुनं कोळसाखाणीचं गाव. पेशंट सत्तरीतले, खाणीत आयुष्य गेलेले. बायको वारून चार महिने झाले होते, मुलगी घेऊन आली होती. मी विचारलं, कसं वाटतंय? ते म्हणाले, ‘नॉट सो बॅड, लव्ह.’ मी लिहिलं, मूड ठीक. झोप, भूक, सगळं विचारलं, सगळ्याला तेच उत्तर. अर्ध्या तासात मोकळी झाले. नंतर सरांनी एवढंच विचारलं, ‘त्यांनी हातातली टोपी किती वेळा उलटी-सुलटी केली?’ मी बघितलंच नव्हतं. मी कागदाकडं बघत होते. सर म्हणाले, इथले पुरुष ‘नॉट सो बॅड’ म्हणतात तेव्हा ‘आणखी विचारू नका’ असं म्हणत असतात. त्यांना दुसरं काहीतरी विचार. त्याच आठवड्यात मी त्यांना परत बोलावलं आणि त्यांच्या शर्यतीच्या कबुतरांबद्दल विचारलं, मुलगी जाताना त्यांचा उल्लेख करून गेली होती. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘देऊन टाकली सगळी.’ तीस वर्षं पाळलेली कबुतरं माणूस का देऊन टाकतो, हे तुला मी सांगायला नको. त्या दिवशी ते घरी एकटे गेले नाहीत, आणि वेळेवर उपचार सुरू झाले.

मी त्या वेळी एमडी होते, गोल्ड मेडल होतं. तरीही मला पेशंटशी बोलताना तोवर कुणी बघितलं नव्हतं. माझ्या परीक्षकांनीसुद्धा पेशंट तपासून झाल्यावर मी काय सांगते ते ऐकलं होतं, मी तपासते कशी ते पाहिलं नव्हतं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. वेगळेपण आहे, आणि ते या तासात आहे. त्याच्याबरोबर आणखी एक: कोअर ट्रेनिंगमध्ये सायकोथेरपीच्या केसेस कराव्याच लागतात, एक कमी मुदतीची आणि एक लांब मुदतीची, त्याही सुपरव्हिजनखाली. त्याशिवाय पुढं जाता येत नाही. थेसिस मात्र नसतो.

आता इथलं. आपल्या ओपीडीत जे दिसतं ते तिथं दिसत नाही. कॅटाटोनियाचे, म्हणजे हलणं-बोलणं थांबून ताठ बसून राहिलेले पेशंट मी एमडीच्या एका वर्षात जितके पाहिले, तितके तिथल्या सात वर्षांत पाहिले नाहीत. दारू सोडताना येणारा डेलिरियम, म्हणजे बरळणं आणि भान हरपणं, सर्पदंशासारखा आलेला पण विषबाधेचा निघालेला तरुण, बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात अनवाणी निघून गेलेली पोरगी, हे सगळं तू दर आठवड्याला बघतोस. शिवाय पेशंटबरोबर घर येतं. आई येते, चुलता येतो, शेजारी येतो. तिथं मला नातेवाइकाशी बोलायला पेशंटची परवानगी घ्यावी लागे आणि अनेकदा बोलायला नातेवाईकच नसत. तुझ्या हाताखालून जाणारी माणसं ही फार मोठी शाळा आहे, मास्तर तेवढा त्या शाळेत बसता व्हायला हवा.

म्हणून जायचं की नाही हे ठरवण्याआधी एक करून बघ. तुझ्या युनिटमधल्या ज्या सरांना किंवा मॅडमना शिकवायची आवड आहे, त्यांना जाऊन सांग: आठवड्यात एक पेशंट मी तुमच्यासमोर तपासतो, वीस मिनिटं, तुम्ही फक्त बघा. नंतर दहा मिनिटं मला सांगा. ओपीडी संपल्यावर, चहाच्या वेळी, कधीही. बहुतेक जण हो म्हणतात, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच. जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या पोस्टिंगमध्ये तर वेळही जरा सापडतो.

जायचंच असेल तर वाटा अशा. इंग्रजीची परीक्षा, मग परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्लॅब परीक्षेचे दोन भाग, मग जनरल मेडिकल काउन्सिलची नोंदणी, मग कोअर ट्रेनिंगसाठी एमएसआरए परीक्षा. एमआरसीसायक पूर्ण केलंस तर प्लॅबऐवजी तेही नोंदणीसाठी चालतं. तिसरी वाट मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्हची. ती आधीच सायकियाट्रीत काम केलेल्यांसाठी आहे, दोन वर्षं शिकायचं आणि परत यायचं. मला विचारशील तर आपल्या एमडींसाठी ही तिसरी वाट सगळ्यात चांगली. कोअर ट्रेनिंगच्या जागांसाठी स्पर्धा आता खूप वाढली आहे, आणि तिथल्या सरकारनं २०२५ च्या आरोग्य आराखड्यात ब्रिटनमध्येच शिकलेल्या पदवीधरांना प्राधान्य द्यायचं जाहीर केलंय. ‘प्लॅब झालं की जागा मिळतेच’ असं सांगणाऱ्या क्लासवाल्यांना पैसे देण्याआधी हे लक्षात ठेव.

प्रश्न : माझी मुलगी इंटर्नशिप करतेय. तिला सायकियाट्रीच करायची आहे, तीही अमेरिकेत. नातेवाईक म्हणतात, एवढी हुशार मुलगी आणि वेड्यांची डॉक्टर होणार? मला तसं वाटत नाही, पण खर्च आणि वर्षं किती हे समजून घ्यायचंय. — एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी नातेवाइकांचं. त्यांच्यातल्याच कुणाला कधी रात्र रात्र झोप लागली नाही, छातीत धडधडून हार्टअटॅक आला असं वाटलं आणि ईसीजी नॉर्मल निघाला, तर ते कुणाकडं जाणार? अशीच माणसं माझ्याकडं येतात. मुलीच्या पाठीशी उभ्या आहात, हे फार चांगलं करताय.

अमेरिकेत एमबीबीएसनंतर थेट रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत विशेष शिक्षण होतं, इथं एमडी करायची गरज नाही. यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेची स्टेप वन आणि स्टेप टू सीके, मग परदेशी पदवी तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र, आणि मग मॅच, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांची जुळणी. स्टेप वनला २०२२ पासून मार्क देत नाहीत, फक्त पास किंवा नापास. त्यामुळं स्टेप टूच्या मार्कांना आणि तिथल्या डॉक्टरांच्या शिफारसपत्रांना वजन आलंय. त्या पत्रांसाठी तिकडं जाऊन काही आठवडे हॉस्पिटलात काम बघावं लागतं, आणि खरा खर्च तिथंच होतो: विमान, राहणं, अर्जांचं शुल्क. मॅचचा निकाल मार्चमध्ये लागतो आणि तो लागेलच असं नाही. म्हणून या सगळ्यासाठी घर गहाण टाकू नका, एवढं माझं ऐका.

रेसिडेन्सी चार वर्षांची, पगारी. पहिल्या वर्षात काही महिने मेडिसिन आणि न्यूरॉलॉजी करावी लागते. थेरपी तिथं गंभीरपणे शिकवतात. धीर देणारी सपोर्टिव्ह, मनाच्या तळाशी जाणारी सायकोडायनॅमिक आणि विचारांची-वागण्याची सवय बदलणारी सीबीटी, तिन्हींत रेसिडेंट तयार झाला पाहिजे असा नियमच आहे. पुढं मुलांच्या सायकियाट्रीची फेलोशिप दोन वर्षांची, आणि ती चौथ्या वर्षाऐवजी तिसऱ्या वर्षानंतरच सुरू करता येते. व्यसन, वृद्ध, न्यायवैद्यक यांच्या फेलोशिप एकेक वर्षाच्या.

व्हिसाचं एक नीट समजून घ्या. बरेच जण जे-वन व्हिसावर जातात. त्यासाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाचं, या शाखेच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे असं पत्र लागतं, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. ती माफ करून घ्यायची तर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करावी लागते. अशा जागा प्रत्येक राज्याला वर्षाला तीसच. मुलीला आज हे दूरचं वाटेल, पण लग्न, आईवडिलांचं आजारपण, सगळं त्याच वर्षांत येतं. बसून बोला तिच्याशी.

प्रश्न : मी पुण्यात जर्मन शिकतोय, बी-वन झालंय. जर्मनीत सायकियाट्री मिळणं सोपं आहे असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : जागा मिळायला तुलनेनं सोपं, काम करायला अवघड. अवघड भाषेमुळं. सर्जरीच्या टेबलावर तुटक जर्मन चालून जाईल. सायकियाट्रीत भाषा हेच आपलं स्टेथोस्कोप. वैद्यकीय भाषेची परीक्षा सी-वनच्या, म्हणजे बी-वनहून दोन पायऱ्या वरच्या पातळीची असते, पण ती पास झाल्यावरही डिप्रेशनमधला बव्हेरियन शेतकरी काय पुटपुटला ते समजायला आणखी दोन वर्षं लागतील. ती तयारी मनाशी करून जा.

त्यांची पद्धत मात्र मला फार आवडते. शाखेचं नावच ‘सायकियाट्री आणि सायकोथेरपी’. पाच वर्षं, त्यातलं एक न्यूरॉलॉजीचं. आपण औषधवाले आणि थेरपी दुसऱ्या कुणाचं काम, अशी वाटणीच तिथं नाही. ट्रेनीला स्वतःलाही थेरपिस्टसमोर ठरावीक तास बसावं लागतं, स्वतःच्या मनाचं बघायला. वर्षाची एकच मोठी प्रवेशपरीक्षा नसते, प्रत्येक हॉस्पिटलकडं वेगळा अर्ज करायचा. अर्ज करताना एक प्रश्न हमखास विचारा: इथल्या मुख्य डॉक्टरांना किती वर्षांचं ट्रेनिंग द्यायची मान्यता आहे? सगळ्यांना पूर्ण मुदतीची नसते, आणि हे न विचारता गेलेल्यांना मधेच दुसरं गाव शोधावं लागतं.

युरोपियन युनियनच्या नियमानुसार सायकियाट्रीचं ट्रेनिंग कमीत कमी चार वर्षांचं हवं, पण देशोदेशी ते वेगवेगळं आहे. तिथल्या ट्रेनींची स्वतःची महासंघटना आहे, ईएफपीटी नावाची. ते एकमेकांच्या देशांत काही आठवडे जाऊन शिकतात आणि आपल्याला काय मिळत नाही ते उघड मांडतात. आपल्या रेसिडेंट मुलांनी असं काही उभं केलं तर मला मनापासून आवडेल. ड्युटीचे तास आणि स्टायपेंड यासाठी आपण संप करतो, ते योग्यच आहे. आठवड्याच्या त्या एका तासासाठीही मागणी व्हायला हवी.

प्रश्न : डॉक्टर परदेशी पाठवायचे आणि परत आणायचे, असं एखाद्या देशाला जमलंय का? — निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, श्रीलंकेनं ते नियमातच बसवलंय. कोलंबो विद्यापीठाच्या संस्थेतून एमडी झाल्यावर स्पेशालिस्ट म्हणून मान्यता मिळण्याआधी ठरावीक काळ परदेशात, बहुधा ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात, शिकून यावं लागतं. माझ्याबरोबर तिकडची एक डॉक्टर होती. तिच्या वहीत एका बाजूला ‘इथं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘तिथं करता येईल’ असे दोन रकाने असत. मी तिला बघून तशीच वही केली. परत न जाणारेही आहेत, पण ती गेली.

प्रश्न : एमडी झालं, आता बॉन्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, जिल्हा रुग्णालयात आहे. मनोविकाराचा डॉक्टर मी एकटाच. अवघड केस आली की विचारायला कुणी नाही. रात्री पोलीस पेशंट आणून सोडतात. चुकेन अशी सतत भीती वाटते. परदेशात या टप्प्यावरच्या डॉक्टरांना एकटं सोडतात का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भीती वाटते हे लिहिलंत, म्हणून आधी सांगते: ती वाटायलाच हवी, पण ती एकट्यानं पेलायची नाही.

नाही, सोडत नाहीत. तुमच्याइतकी वर्षं झालेला ब्रिटनमधला डॉक्टर अजून ट्रेनी असतो, रात्री दोन वाजता फोन उचलणारा कन्सल्टंट त्याच्यामागं असतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही पूर्ण ट्रेनिंग किमान पाच वर्षांचं. आपण तिसऱ्या वर्षाअखेर परीक्षा घेतो आणि दुसऱ्या महिन्यात तुम्हाला जिल्ह्याच्या लोकसंख्येपुढं उभं करतो. तुमची चूक यात काही नाही.

पोलिसांचं आधी. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टचं शंभरावं कलम पाठ करून ठेवा. भटकणाऱ्या, आजारी दिसणाऱ्या माणसाला पोलिसांनी चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत आणायचं असतं, आणि त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या पेशंटला भरती करायचं तर एकोणनव्वदावं कलम: दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, आणि मुदत तीस दिवसांपर्यंत. तुम्ही दुसरे कुठून आणणार? कायद्यानुसार दुसरी व्यक्ती मेंटल हेल्थ प्रोफेशनल किंवा मेडिकल प्रॅक्टिशनर चालते, म्हणजे तुमचा कॅज्युअल्टीतला एमबीबीएस सहकारी. त्याला दिवसा एकदा बसवून हे समजावून ठेवा, रात्री भांडण होणार नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, परत आल्यावर स्वतः वाचून शिकले.

आता एकटेपणाचं. इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षी आम्हाला दर आठवड्याला बालिंट गटात बसवत. मायकेल बालिंट हे हंगेरीत जन्मलेले डॉक्टर, १९५० च्या दशकात लंडनमध्ये त्यांनी फॅमिली डॉक्टरांचे असे गट सुरू केले. परत आल्यावर मी सांगली-कोल्हापूरकडच्या आणखी तीन जणांना घेऊन तेच सुरू केलं. दर दुसऱ्या गुरुवारी, दवाखाने बंद झाल्यावर, साडेनऊला. आता बहुतेक वेळा व्हिडिओ कॉलवरच असतो. पेशंटचं नाव-गाव सांगायचं नाही. एकानं दहा मिनिटं एका पेशंटबद्दल बोलायचं, कागद न बघता. मग तो गप्प, बाकीचे बोलतात. औषधाचं नाव पहिल्या अर्ध्या तासात काढायचं नाही, हा आमचा एकच कडक नियम.

मागच्या महिन्यात आमच्यातला सगळ्यात तरुण डॉक्टर एका बाईंबद्दल बोलला. दर वेळी त्या ‘जिवाला घोर लागलाय’ म्हणतात, सहा महिने झाले, गोळ्या तीनदा बदलल्या. बोलता बोलता तो म्हणाला, त्या आत आल्या की मलाच कंटाळा येतो. असं कबूल करायला धीर लागतो. आमच्यातल्या एकानं विचारलं, घोर कुणाचा लागलाय हे विचारलंस का? विचारलं नव्हतं. ‘घोर लागलाय’ हे त्यानं ‘चिंता’ म्हणून टिपून ठेवलं होतं, जसं मी ‘नॉट सो बॅड’ टिपलं होतं. मराठीत घोर हा कुणाचा तरी लागतो. पुढच्या भेटीत त्यानं विचारलं, आणि बाईंनी पहिल्यांदा मुलाचं नाव घेतलं. गोळी तीच आहे. आता भेट वीस मिनिटांची होते.

तुमच्या शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांतही तुमच्यासारखेच एकेकटे आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बैठकीला भेटत असालच. तिथं चहाच्या वेळी विषय काढा. चौघे पुरे. गट जमेपर्यंत गुरुवारी साडेनऊला आमच्या गटात या. संपादकांकडं तुमचा नंबर द्या, मी फोन करते.